सतरा पानं बदामाची

जोतीराम पेंटरनं आयुष्यात एक पाटी व्हार्निशशिवाय हातातनं सोडली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "ऱ्हाऊ दे की पेंटर, दोन वर्सानं दुकानच बदलायचं हाय." पण हा गडी ऐकेल तर शपथ. ऊन हाय, पाऊस हाय, पोरं हात लावत्यात, म्हशी अंग घासत्यात, असं काहीबाही पुटपुटत व्हार्निशचे दोन हात मारायचाच. मंगळवार पेठेत त्याच्या तीस-तीस वर्षांपूर्वीच्या पाट्या अजून आहेत. दुकानं बंद पडली, मालक वारले, अक्षरं मात्र टवटवीत. पुढं फ्लेक्स आला आणि त्याचं काम गेलं. रिक्षाच्या मागची नावं आणि एखाद्या तालमीच्या दारावरची पाटी एवढंच उरलं, तरी ताठा काही उतरला नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण आपल्याला जेवढं कळतं त्याच्या पलीकडं काही असू शकतं, हे त्याला कधी पटलंच नाही, आणि तिथंच त्याचा घात झाला.

त्याला एकच लेक, क्रांती. तेवीस वर्षांची, चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. बापाला तरुणपणी तिथंच जायचं होतं, पण घरच्यांनी एका पेंटरच्या हाताखाली लावला आणि विषय संपवला. लेकीला मात्र त्यानं हट्टानं पाठवलं. दिवाळीत तिला ताप आला. आठ दिवस साधा ताप म्हणून गोळ्या झाल्या, मग हिरड्यांतनं रक्त यायला लागलं, मग तपासण्या, आणि मग डॉक्टरनं जोतीरामला खुर्ची देऊन सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे. खुर्ची दिली तेव्हाच तो काय ते समजला होता.

औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. मधल्या काळात, जानेवारी-फेब्रुवारीत, ती घरी होती. बाहेर जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, डोक्याला टॉवेल गुंडाळून माडीवरच्या खिडकीत बसायचं. खिडकीच्या खाली, मागच्या परड्यात बदामाचं झाड. काजू-बदामातला बदाम नव्हे, पोरं ज्याची फळं दगडानं फोडून खातात तो आपला देशी बदाम. माघात त्याची पानं लालभडक होतात आणि पंधरा-वीस दिवसांत झाड नागडं होतं. मोबाईलवर एक परदेशी बाई तिकडच्या पानगळीची चित्रं स्केचबुकात रंगवून दाखवायची. क्रांतीनं तिचं बघून दोन पानं केली आणि टराटरा फाडली. "मी हे झाड कुठं बघितलंय?" म्हणाली, आणि खाली बघून बदाम काढायला बसली.

जोतीराम मागनं बघत उभा राहिला.

"पोस्टर कलर व्हय? ही शाळेतल्या पोरांची रंगपेटी की गं."

"ह्याला गॉश म्हणत्यात, अप्पा. चमकत न्हाई, म्हणूनच चांगला. पीठ चोळल्यागत बसतो बघा."

"पाण्यानं जाईल."

"जाऊ दे की. पाण्यात कोण घालतंय?"

ते त्याच्या डोक्यातनं गेलं नाही. पाण्यानं जाणारा रंग हा त्याच्या लेखी रंगच नव्हता.

दिवसाला एक पान, तेही अंगात बळ असलं तर. पहिल्या पानात हिरवं झाड आणि तीनच लाल पानं. सातव्या-आठव्यापर्यंत सगळं झाड कौलांच्या रंगाचं झालं. मग पानं शेजारच्या पत्र्यावर, दोरीवरच्या लुगड्यावर, एका चित्रात खराटा घेऊन वाकलेली तिची आई सोनूबाई. सतराव्या पानात नुसत्या फांद्या आणि मागं सकाळचं धुरकट आभाळ. प्रत्येक रंगात ती थोडा पांढरा घालायची. "त्याच्याशिवाय उजेड येत न्हाई, अप्पा," म्हणायची. जोतीरामला ते फिकट-फिकट वाटायचं, पण बघत बसावंसंही वाटायचं. का ते त्याला सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला परत दाखल केलं. ह्या वेळी काचेच्या खोलीत. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, वहीसुद्धा नाही. निघताना तिनं वही बापाच्या हातात दिली.

"कपाटात ठिवा. कुणाला दावू नका. आणि तुमी हात लावू नका, अप्पा. मी आल्यावर बघू."

"बरं," तो म्हणाला.

मार्चमध्ये डॉक्टर नुसते आकडे सांगायला लागले. पेशी वाढत नाहीत, बघू, वाट बघू. रक्त बाटलीतनं यायचं, औषध नर्स द्यायची, डबा सोनूबाई करायची, पाय चेपायला तीच. आणि बाप काय करायचा? बाप काचेबाहेर हात मागं बांधून उभा राहायचा. एवढ्या मोठ्या दुखण्यात त्याच्या हाताला काही कामच नव्हतं. चाळीस वर्षं त्याला एकच गोष्ट चांगली येत होती, केलेलं काम टिकवायची. असा माणूस दुपारी आंघोळीला म्हणून घरी येतो, कपाट उघडतो, वही काढतो आणि त्याला काय सुचणार ते सुचतं.

पेठेतल्या बाळासोच्या रंगाच्या दुकानात गेला. बाळासो त्याचा जुना माणूस. "कोपल व्हार्निश दे छोटा डबा."

"कशावर मारायचं हाय?" बाळासोनं विचारलं.

आता कागदावर, असं म्हणाला असता तर बाळासोनं डबाच दिला नसता. पण चाळीस वर्षांच्या पेंटरनं दुकानदाराला विचारून व्हार्निश मारायचं व्हय? "पाटीवर," जोतीराम म्हणाला.

पत्रा, लाकूड, भिंत, एवढ्यावरच त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. कागदावर त्यानं कधी काम केलं नव्हतं. पहिल्या पानावर ब्रश फिरवला आणि रंग असा काही उठला की त्याचं काळीज सुपाएवढं झालं. लाल होता तो रसरशीत लाल झाला. लेक आल्यावर बघंल, म्हणंल अप्पा, हे काय केलं तुम्ही. ह्या आनंदात त्यानं सतराच्या सतरा पानांना हात मारला, वही उभी करून वाळायला ठेवली आणि जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात गेला. त्या दिवशी काचेबाहेर तो हसत उभा होता. सोनूबाईनं विचारलंसुद्धा, काय झालंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी येऊन वही उघडली. उघडली म्हणजे काय, ओढली. पानं एकमेकांना चिकटली होती. कागद तेल पिऊन भज्याच्या पुडक्यासारखा पारदर्शक झाला होता, ह्या पानातनं मागच्या पानावरचं झाड दिसत होतं. फिकट म्हणून जे होतं ते सगळं गेलं होतं. सकाळचं आभाळ चहाच्या डागाच्या रंगाचं. पत्र्यावरचा उजेड गेला, लुगड्याचा निळा गेला. खराटा घेतलेली सोनूबाई नुसती एक काळपट आकृती. जोतीराम खाली बसला. कापडाला टर्पेंटाइन लावून एका कोपऱ्यावर फिरवलं, तर व्हार्निशबरोबर झाडाची अख्खी फांदी उठून आली. मग त्यानं हात लावला नाही. वही पोत्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत, रंगाच्या डब्यांखाली घातली आणि मोठ्यानं रडला. घरात कुणी नव्हतं ते बरंच होतं.

मार्च संपता संपता डॉक्टरांनी क्रांतीला काचेच्या खोलीतनं साध्या खोलीत आणलं. "आता पथ्य नको. मागंल ते द्या, भेटायचं त्यांना भेटू द्या," म्हणाले. सोनूबाईला वाटलं, पोरगी सुधारली. दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातनं पांढरा रस्सा नेला. जोतीरामला मात्र डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लागला होता. क्रांतीलाही लागला होता. तिनं रस्स्याचे दोन घोट घेतले, आईला बरं वाटावं म्हणून. मग म्हणाली, "अप्पा, माझी वही आणा. मला बघायची हाय."

"आणतो की."

पहिल्या दिवशी तो विसरला. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली सापडंना.

"मग कुलूप तोडा," क्रांती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण नजर त्याच्यावरनं हलली नाही. "अप्पा, मला लई दिवस न्हाईत."

सोनूबाई चिडली. "आसं अभद्र बोलू नगं. आनि तुमाला एक वही आणायला हुईना व्हय वो? ऱ्हावा, मीच जाते."

"तू बस हितं," जोतीराम ओरडला. "मी आणतो म्हटलं न्हवं."

सरळ सांगून टाकायचं होतं की नाही? होतं. पोरीचे दिवस मोजलेले, त्यात लपंडाव कसला खेळायचा? पण तिच्या तोंडाकडं बघितलं की त्याला धीर व्हायचा नाही. त्यानं दुसराच मार्ग काढला. त्याच कंपनीचं नवं स्केचबुक आणलं, घरी खिडकीत बसला, आणि लेकीचेच रंग, लेकीचेच ब्रश घेतले. सोनूबाईला सांगितलं, तालमीचं अर्जंट काम आलंय, दोन दिवस जमणार नाही. असल्या वेळेला काम घेतलं म्हणून तिनं त्याला नको नको ते बोलून घेतलं. ते त्यानं ऐकून घेतलं.

ट्रंकेतनं काढलेल्या वहीचं चिकटलेलं पान हळूच सोडवायचं, खिडकीच्या काचेवर धरायचं, त्यावर नवा कागद लावून रेघा उतरवायच्या. तेलानं कागद पारदर्शक झालेलाच होता, तेवढं सोपं गेलं. रंग मात्र आठवणीनं भरायचे. खाली परड्यात बदामाला पोपटी पालवी आलेली, तिचा काही उपयोग नव्हता. पहिली चार पानं वाया गेली. चाळीस वर्षांचा हात, पान काढायचा तर अक्षर काढल्यासारखी कड घोटायचा. मग त्यानं लाल रंगात थोडा पांढरा घालून बघितला, आणि कागदावर खरोखर सकाळ झाली. तेव्हा त्याला कळलं पोरगी काय सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात बसला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला त्यात गोडी लागली. लेक तिकडं मरणाच्या दारात, आणि बाप इकडं एका पानाच्या सावलीत जांभळा किती घालावा ह्यात तासभर रमला. भानावर आला तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. पण रात्रभर बसून वही पुरी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती क्रांतीच्या हातात दिली. सोनूबाईनं तिच्या पाठीशी उशी लावली आणि स्वतः खांद्यावरनं वाकून बघायला लागली.

क्रांतीनं पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्यावर थांबली आणि एका लाल पानाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. मग पुढं उलटत गेली, हळूहळू, शेवटपर्यंत. जोतीराम पायाशी उभा होता. तिनं वर बघितलं तेव्हा त्याला कळलं की तिला कळलं.

"माझं बाय गं," सोनूबाई म्हणाली. "किती ग्वाड काढलंयस. आनि ही मी व्हय? खराटा बघ माझ्या हातात."

"व्हय," क्रांती म्हणाली. "तूच हायस."

सोनूबाईनं पदर डोळ्याला लावला. क्रांती म्हणाली, "आई, खालनं चहा आण की गं. तू पण पी." ती गेली. दार लागलं.

"माझी कुठं हाय?"

जोतीरामनं सांगितलं. व्हार्निश, दुसऱ्या दिवशी बघितलेलं, टर्पेंटाइन, ट्रंक, सगळं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. "टिकावं म्हणून केलं गं पोरी," एवढं शेवटी म्हणाला.

सहा महिन्यांत ह्या पोरीनं कुणावर आवाज चढवला नव्हता. सुया खुपसल्या, केस गेले, तोंड आलं, सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. आता तिनं आवाज चढवला.

"बोर्ड रंगवताना गिऱ्हाईकाला दहादा विचारता तुमी. फोन नंबर बरोबर हाय का, नावात काना हाय का. मला एकदा विचारलं न्हाई."

"चुकलं माझं."

"मी हात लावू नका म्हटलं हुतं, अप्पा. सगळ्या दवाखान्यानं माझ्या अंगाला हात लावला. मी कुणाला न्हाई म्हटलं न्हाई. एवढी एकच वस्तू मागितली हुती, की हिला हात लावू नका." तिला दम लागला. "मला ती बघत पडायचं हुतं. बाकी काय हुतं माझ्याकडं?"

जोतीरामनं तिचा पाय धरला. तिनं पाय ओढून घेतला. तेवढं बळ कुठनं आणलं कोण जाणे.

"ती जुनी माझ्याबरोबर द्या," ती म्हणाली. "जशी झालीया तशी. आनि आईला सांगू नका. ती ह्यात मला बघतीया, तिला बघू द्या." मग ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

त्यानंतर ती चार दिवस होती. आईशी बोलली, नर्सशी बोलली, गडमुडशिंगीहून मावशी आली तिच्याशीही दोन शब्द बोलली. बापाशी नाही. तो खुर्चीतनं हलला नाही. लघवीला गेला तरी धावत परत यायचा, न जाणो तेवढ्यात हाक मारली तर. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं बघितलं, तिचे ओठ हलले. तो झटकन वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला.

"आई कुठाय?" तिनं विचारलं.

त्यानं सोनूबाईला बोलावलं. दहा वाजता सगळं संपलं.

पंचगंगेच्या घाटावर भंतेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. लोक डोळे मिटून उभे होते तेव्हा जोतीरामनं पोत्यातली वही पांढऱ्या कापडाखाली, तिच्या हाताशी सरकवली. व्हार्निश लागलेली वस्तू ती. सगळ्यात आधी तिनंच पेट घेतला.

जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. लेकीच्या फोटोसमोर, मेणबत्त्यांशेजारी सोनूबाईनं ती वही उघडून ठेवली होती. येईल त्याला दाखवत होती. कॉलेजातले विजयसिंह सर आले. क्रांतीला तीन वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळी वही बघितली. मग पहिल्यापासून परत बघितली. जोतीराम भिंतीला टेकून उभा होता. एकाला तरी ओळखू यावं, कुणी तरी आपल्याला धरावं, असं त्याला फार वाटत होतं.

"आजारपणात काढलं हे?" सर म्हणाले. "विश्वास बसत नाही. कॉलेजात तिचा हात जरा कच्चा होता, घाई करायची. इथं एकदम पक्का झालाय. रंगाची समज तर काय सांगावी." ते जोतीरामकडं वळले. "तुमचा हात उतरलाय बघा तिच्यात. मोठी चित्रकार झाली असती."

जन्मभर लोक त्याला पेंटर म्हणत आले होते. चित्रकार हा शब्द त्याच्या कामाला आज पहिल्यांदा लागला, आणि तो मेलेल्या लेकीच्या नावानं. त्यासाठी तिचा खरा हात कच्चा ठरला होता. खाली बसावं आणि ओरडून सगळं सांगावं असं त्याला वाटलं. त्यानं सोनूबाईकडं बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं तेज दिसत होतं.

"अवो, सांगा की सरांस्नी," ती म्हणाली. "कुठलं पान कवाचं ते. तुमी हुता की तिच्या मागं उभं."

जोतीराम पुढं आला. वहीसमोर मांडी घालून बसला.

"हे पयलं," तो म्हणाला. "त्या दिवशी ताप न्हवता तिला. तीनच पानं लाल झालती. मला म्हटली, अप्पा, चौथं दिसतंय का बघा." त्यानं पान उलटलं. "हे दुसरं. ह्या दिवशी हात लई कापत हुता तिचा."

सर वाकून बघायला लागले. "कापत होता? रेघेत कुठं दिसत नाही."

"न्हाई," जोतीराम म्हणाला, "दिसत न्हाई." आणि त्यानं तिसरं पान उलटलं.